नगरसेवकाला पात्रतेची अट का नसावी?

(सोलापूरकरांची लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

भुईकोट

मंडळी, निवडणूक होऊन गेली, गुलाल धुऊन झाला, आता जरा शांतपणे बोलू.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं सोलापूरला नगरसेवकच नव्हते. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा, असं करत करत १५ जानेवारी २०२६ ला, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आपण मतदान केलं. एवढी वाट बघून मिळालेलं मत, तरी माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं घराबाहेर पडली नाहीत. जी पडली त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "त्यातल्या त्यात कमी वाईट कोण ते सांगा." मतदान केंद्राच्या रांगेत हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. आपलं गाव असं नव्हतं.

माझा प्रश्न सरळ आहे. महापालिकेत लिपिक व्हायचं तर पदवी लागते, टंकलेखन लागतं, परीक्षा द्यावी लागते. अभियंत्याला अभियांत्रिकीची पदवी लागते. दवाखान्यातल्या नर्सला नोंदणी लागते. आणि या सगळ्यांच्या कामासाठी पैसे मंजूर करणाऱ्या माणसाला? वय २१ पूर्ण, मतदारयादीत नाव, थकबाकी नाही, आणि सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं नाही. मुलं किती हे कायदा विचारतो. अंदाजपत्रक वाचता येतं का, हे विचारत नाही.

हे काही मीच म्हणतोय असं नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली त्या दिवशीच्या भाषणात डॉ. राजेंद्रप्रसादांनी ही खंत बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्याकडून आपण मोठी पात्रता मागतो आणि कायदा करणाऱ्याकडून निवडून येण्यापलीकडे काहीच नाही, ही विसंगती आहे, असा त्यांचा सूर होता. पाऊणशे वर्षं उलटून गेली त्याला. मग किमान शिक्षणाची अट का नसावी? ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं, मला खरंच ऐकायचंय.

जुळे सोलापूर

शंभर टक्के सहमत. आमचा भाग १९९२ च्या हद्दवाढीत आला. तेव्हा जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली, तरी कुठे ड्रेनेज नाही, कुठे रस्ता नाही. कर मात्र शहराचा. प्रचारात प्रत्येक जण "जुळे सोलापूरचा कायापालट" म्हणतो. एकालाही विचारा, ड्रेनेजची मुख्य लाइन कुठून जाते? सांगता येणार नाही.

टिळक चौक

वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

शिक्षणाची अट घालून झालेली आहे, दुसऱ्या राज्यांत. राजस्थानने २०१४ च्या डिसेंबरात पंचायतींसाठी अध्यादेश काढला. हरियाणाने २०१५ मध्ये कायदाच केला: खुल्या गटातल्या पुरुषाला दहावी पास असणं सक्तीचं, स्त्रिया आणि अनुसूचित जातींना थोडी सूट. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राजबाला विरुद्ध हरियाणा, १० डिसेंबर २०१५ चा निकाल, अट वैध ठरली. राजस्थानने मात्र सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये ती काढून टाकली. आपल्याकडेही ग्रामपंचायतीसाठी २०१७ पासून आहे, १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तर सातवी पास हवा.

म्हणजे अट घालता येते. घालावी का, हा प्रश्न वेगळा, आणि माझं उत्तर नाही असं आहे. हरियाणात त्या अटीने गावोगावच्या दलित बायकांपैकी बहुसंख्य एका फटक्यात उमेदवारीतून बाद झाल्या. शाळा काढायची जबाबदारी सरकारची. ती सरकारने पार पाडली नाही आणि शिक्षा मात्र न शिकलेल्या बाईला, हे मला न्यायाला धरून वाटत नाही.

कन्ना चौक

भुईकोटदादा, तुमचा राग समजला. पण तुमच्या अटीत माझी आई बसत नाही.

आई विडी वळते. शाळा लहानपणीच सुटली, तीही तेलुगू माध्यमाची. वळलेल्या विड्या घेऊन गेली की तिथला तपासणारा मूठमूठ उचलून बाजूला काढतो, ही वाकडी, ही सैल, ही टोकाला फुटली. छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत, पान-तंबाखू मात्र तिच्या नावावर धरलेलं असतं. आई हा सगळा हिशेब तोंडी ठेवते. पान किती दिलं, त्यात पान खराब किती निघालं, विडी किती बसायला हवी होती, छाटली किती, पीएफ किती कापला. कुणी दहा रुपये इकडचे तिकडे केले की तिथल्या तिथे धरते. तपासणारा तिला बघून जपून छाटतो. आणि तिला अंदाजपत्रक कळणार नाही म्हणता?

आमच्या भागातल्या बायकांनी कुंभारीच्या माळावर घरं उभी करून घेतली. आधी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार, मग रे नगरची तीस हजारांची योजना. त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. कामगार नेते आडम मास्तरांच्या मागे वर्षानुवर्षं उन्हात मोर्चाला बसलेल्या त्या बायकांत दहावी पास किती असतील, तुम्हीच सांगा. त्यांना कुठल्या खात्यात कुठला कागद अडकलाय हे पाठ होतं.

भुईकोट

ताई, तुमच्या आईंबद्दल पूर्ण आदर आहे, आणि त्या उभ्या राहिल्या तर मी प्रचाराला येईन, हे मनापासून लिहितोय. माझा रोख त्यांच्याकडे नाही. ज्याच्याकडे पैसा आहे, चार गाड्या आहेत, फ्लेक्सवर फोटो आहे, आणि निवडून आल्यावर सभागृहात पाच वर्षांत तोंड उघडत नाही, तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याला कशाने अडवायचं?

पेन्शनर, दमाणी नगर

मी आयुष्यभर शिकवलं, तेव्हा शिक्षणाच्या विरोधात बोलणार नाही. पण दोन गोष्टी सांगतो.

आपल्याच जिल्ह्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. ते वकील होते, शिकलेले होते. पण सांगोल्याने त्यांची सनद बघून मत दिलं नाही. एसटीने ये-जा करणारा, टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं तोच प्रश्न धरून बसणारा माणूस म्हणून दिलं. आणि त्याच सांगोल्याने १९९५ ला त्यांना पाडलंही, मग १९९९ ला पुन्हा निवडून दिलं. मतदार जागा असला की असं होतं. सुशीलकुमार शिंद्यांनी सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी केली, नोकरी करत शिकले, पुढे मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतच कुणी अटीची पाटी लावली असती तर?

दुसरं. याच गावच्या नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० ला आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला. देश पारतंत्र्यात असताना. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्या काळी मत कुणाला होतं? घरपट्टी भरणाऱ्या, मिळकत असणाऱ्या थोड्या लोकांना. गिरणीतल्या कामगाराला नव्हतं, त्याच्या बायकोला तर नव्हतंच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत मागितलं, तेव्हा "अडाण्यांना मत कशाला" हाच आक्षेप घेणारे पुष्कळ होते. त्या चौघांच्या चार पुतळ्यांवरून जाताना मला हे आठवतं, म्हणून अट म्हटली की मी बिचकतो.

पुण्यातला सोलापूरकर

सगळ्यांचा आदर ठेवून बोलतो, मला आता यातल्या कशावरच विश्वास राहिला नाही. मत एका चिन्हाला द्यायचं आणि माणूस तिसऱ्याच गटात दिसायचा. जून २०२२, जुलै २०२३, दोन पक्ष डोळ्यांदेखत फुटले. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे म्हणतात, त्याचा उपयोग काय झाला? ज्यांना मतं दिली ते आणि ज्यांच्या विरोधात दिली ते एकाच व्यासपीठावर हार घालून घेतात. मग मी रात्रभर एसटीत बसून मत द्यायला कशासाठी यायचं?

आणि खरं सांगू का, प्रशासकाची चार वर्षं मला बरी वाटली. निदान आयएएस अधिकारी तरी होता, परीक्षा देऊन आलेला.

पूर्वभागकर

बरी वाटली कारण तुम्ही पुण्यात हाय मालक. आम्ही हितं होतो.

प्रशासक वाईट हुता असं न्हाई म्हणत. पण गल्लीत गटार तुंबली तर कुणाच्या दारात जायचं? नगरसेवक कसाबी असला तरी सकाळी त्याच्या घरासमोर चार बायका घागर घिऊन उभ्या ऱ्हायल्या की त्याला बाहेर यावं लागतं. साहेबाच्या बंगल्याला गेट असतंय. ह्या चार वर्षांत करवाढ झाली का, निविदा कुणाला गेली, कुठली जागा कुणाला दिली, ह्याच्यावर सभागृहात बोंब मारायला एक माणूस नव्हता.

आता माझं खरं दुखणं सांगतो. आमच्याकडं पाणी चार दिवसांआड, तेबी कधी रात्री दोनला. नळाला मोटर लावल्याशिवाय वर चढत न्हाई. आमच्या भागातल्या एका माजी सदस्याचं लई नाव हाय. का? तर फोन लावला की चावी सोडणाऱ्याला सांगून आमच्या गल्लीला पंधरा मिनिटं जास्त पाणी देतो. लोक म्हणतेत, कामाचा माणूस. पण ती पंधरा मिनिटं खालच्या वस्तीतून कापलेली असत्यात, हे कुणी बोलत न्हाई. खालच्या वस्तीतले मग त्यांच्यातला दुसरा माणूस शोधतेत, त्यांच्यासाठी फोन लावणारा. सगळ्या शहराला रोज पाणी का येत न्हाई, हे विचारणारा पडतो, आणि पंधरा मिनिटंवाला निवडून येतो. दहावी-बारावीचा ह्याच्याशी काय संबंध?

जुळे सोलापूर

पूर्वभागकर, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे हेच टँकरचं होतं.

पुण्यातला सोलापूरकर

पूर्वभागकर, मान्य आहे, दारात जायला माणूस हवा. पण मग मला सांगा, उजनी धरण जिल्ह्यातच आहे, भीमा वाहते, जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपण नववे आलो. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडायची की नाही यावर अख्खं शहर दोन तट करून भांडलं. जून २०२३ ला ती पडली, जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं. उजनीहून पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीसाठी असं भांडलेलं शहर मी कधी पाहिलं नाही. का?

टिळक चौक

या प्रश्नाला धरूनच एक मुद्दा. आपण नगरसेवकाच्या पात्रतेवर बोलतोय, पण त्याच्या हातात काय असतं? कायद्याने महापालिकेची कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे. सभागृहाकडे अंदाजपत्रक, धोरण, प्रश्न विचारणं. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि गेली, आता जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याकडे डोळे. स्मार्ट सिटीचं काम वेगळ्या कंपनीकडे गेलं, तिचं संचालक मंडळ वेगळं. म्हणजे जिथे मोठा पैसा ठरतो तिथे निवडून दिलेला माणूस कडेला. त्याच्याकडे उरतो प्रभागाचा निधी: पेव्हर ब्लॉक, कमान, बाक, बाकावर नाव.

त्यात प्रभाग चार सदस्यांचा. २०१७ ला पहिल्यांदा असं झालं, २४ प्रभागांत चार-चार आणि दोनांत तीन-तीन. मतदार अ, ब, क, ड अशा चार जणांना निवडतो आणि नंतर चौघांपैकी कुणालाच पकडू शकत नाही. रस्ता फुटला की अ म्हणतो ते काम ब कडे, ब म्हणतो निधी ड ने वापरला. एका वॉर्डाला एक माणूस होता तेव्हा निदान कुणाचं दार वाजवायचं हे ठाऊक होतं. जबाबदारीच पुसून टाकणारी ही रचना बदलल्याशिवाय पदवीधर आणले काय आणि पीएचडी आणले काय.

आणि भुईकोट, तुम्ही मागताय ती पात्रतेची जागा कायद्यात आहे. स्वीकृत नगरसेवक, म्हणजे निवडून न येता नेमलेले. पूर्वी पाच असायचे, आता सदस्यसंख्येच्या दहा टक्के किंवा दहा, यातले कमी तेवढे. म्हणजे आपल्याकडे दहा. २०१२ च्या नियमांत लिहिलंय कोण चालेल: डॉक्टर, शिक्षणतज्ज्ञ, सनदी लेखापाल, अभियंता, वकील, पालिकेतून निवृत्त झालेले वरिष्ठ अधिकारी. शेवटी एक प्रकार आहे, नोंदणीकृत समाजसेवी संस्थेचा पदाधिकारी. त्या एका दारातून सगळे पक्ष आपले पडलेले आणि नाराज उमेदवार आत घेतात. पाणीपुरवठ्यात हयात घालवलेला निवृत्त अभियंता या शहरात नाही का? आहेत की! त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्यामागे मतं नाहीत.

भुईकोट

हे स्वीकृतचं वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. हेच, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि मला ते "शिक्षणाची अट" या शब्दांत सापडत होतं.

कन्ना चौक ताई, निवडून येणाऱ्याला दहावीची अट हा आग्रह मी बाजूला ठेवतो. लोकांनी कुणालाही निवडावं. पण स्वीकृतच्या दहा जागा लोक निवडत नाहीत, पक्ष भरतात. तिथे पात्रता शब्दशः पाळलीच पाहिजे. नाव जाहीर करण्याआधी त्या माणसाची कामाची माहिती लोकांसमोर ठेवली पाहिजे. यात कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही. आणि निवडून आलेल्या प्रत्येकाला शपथेनंतर अंदाजपत्रक, निविदा, पाण्याचं वितरण यांचं प्रशिक्षण सक्तीचं हवं. पुण्याला यशदा ही प्रशिक्षण संस्था आहे, लोकप्रतिनिधींची शिबिरं तिथे होतात. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकून समजेल असं, तेलुगू-कन्नड-उर्दूतही द्या. ताईंच्या आईंना तर आठवडाभर पुरेल.

पुणेकर मित्रा, तुझ्या "कशावरच विश्वास नाही" याला माझ्याकडे उत्तर नाही. तू आला नाहीस म्हणून तो पंधरा मिनिटंवाला पडला नाही, एवढंच सांगतो.

कन्ना चौक

प्रशिक्षणाला माझा पाठिंबा. एक अजून सांगते, बायकांबद्दल. २०११ पासून निम्म्या जागा आमच्या. तरी फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो मोठा, फोन नवरा उचलतो, झोनच्या बैठकीला सासरे जाऊन बसतात. आणि मग बाहेर बोलतात, "बाईला काय कळतं." तिला बसू दिलं तर कळेल ना! शिबिरात फक्त सदस्य बसेल, घरचा माणूस दाराबाहेर, एवढा एक नियम केला तरी पाच वर्षांत फरक दिसेल.

दुसरं, निवडून दिलेल्याला पाच वर्षांच्या मध्ये विचारायचं कुठे? आमच्याकडे सभा होतात त्या वाढदिवसाच्या.

टिळक चौक

त्यालाही कायदा आहे. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आणली. गावात ग्रामसभा तशी शहरात, दोन ते पाच मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा, अध्यक्ष नगरसेवक. सभा न घेणाऱ्या सदस्याला अपात्र करण्याची तरतूदही त्यात आहे. पण क्षेत्रसभा कागदावरच राहिली. कुठल्याच पक्षाला ती नको आहे, हे मी जबाबदारीने लिहितो. दर सहा महिन्यांनी दोनशे माणसांसमोर उभं राहून हिशेब द्यायचा, हे कुणाला हवं असेल?

पूर्वभागकर

मग मागू की. कोण देत न्हाई बघू.

भुईकोट

मागूच. टिळक चौक, तुम्ही मसुदा तपासून द्या. माझ्या मनात माहिती अधिकाराचे दोन अर्ज आहेत. पहिला: २०१७ ते २०२२ च्या सभागृहातल्या सर्वसाधारण सभांची हजेरीपत्रकं आणि सदस्यांनी लेखी विचारलेले प्रश्न, सदस्यवार. दुसरा: त्या काळात नेमलेल्या स्वीकृत सदस्यांनी पात्रतेसाठी जोडलेली कागदपत्रं, आणि क्षेत्रसभांसाठी क्षेत्रं निश्चित केली असल्यास त्याचा आदेश.

टिळक चौक

दोन्ही ठीक आहेत, पण एका अर्जात एकच विषय ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येईल. म्हणजे स्वीकृतचा वेगळा, क्षेत्रसभेचा वेगळा, तीन अर्ज करा. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "माहिती द्यावी" असं मोघम न लिहिता "साक्षांकित प्रती द्याव्यात" लिहा. हजेरीपत्रकं आणि इतिवृत्तं नगरसचिवांच्या अखत्यारीत येतात, तेव्हा अर्ज तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील मी लिहून देतो, फी घेणार नाही.

पेन्शनर, दमाणी नगर

अर्जाखाली माझं नाव घाला. वेळ भरपूर आहे, सुनावणीला मी जाऊन बसेन.

कन्ना चौक

क्षेत्रसभेचा अर्ज आमच्या भागातून मी टाकते. पहिलं उत्तर आलं की इथेच लावते. तेलुगूत भाषांतर करून गल्लीत वाटायचं कामही माझ्याकडे.